दादाचं इंजिन

छोट्या रेल्वेच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर मऊ कापड अंथरलं, त्यावर दोन इंजिनं शेजारी-शेजारी ठेवली आणि हात पुसत विचारलं, "आता सांगा. मांडणी केवढी, वळण केवढं, आणि ओढायचंय काय?"

प्रश्न साधे होते, पण चष्मेवाल्याने मांडणीचं तेवढं सांगितलं आणि वळणाचं टाळलं. बासष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवलेला, आता दुकान लेकीच्या हाती सोपवून घराच्या वरच्या खोलीत प्लायवूडवर छोटी रेल्वे मांडून बसलेला. डोंगर कागदाच्या लगद्याचा, झाडं वाळक्या शेवाळाची, एक बोगदा, एक स्टेशन. डिझेलची दोन इंजिनं होती, वाफेचं एकही नव्हतं. मंडळातले लोक त्यावरून त्याला छळायचे. मंडळ म्हणजे गावातले असेच पाच-सहा छोट्या रेल्वेचे वेडे, पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमणारे. "सख्खा भाऊ वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर, आणि घरात एक वाफेचं इंजिन नाही!" त्यांच्यातले घड्याळजी म्हणायचे. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

कापडावरचं उजवीकडचं इंजिन मेलचं होतं. गर्द हिरवं, कडेने सोनेरी रेघ, दहा चाकं, मागे कोळशाचं आणि पाण्याचं लांबलचक टेंडर. बघताक्षणी माणूस पाठ ताठ करून उभा राहील असा त्याचा तोरा. डावीकडचं ठेंगणं, काळं, सहा चाकांचं. त्याला टेंडर नव्हतं. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, कोळसा पाठीमागच्या पेटीत. धक्का झेलणाऱ्या बफरखाली एक बारीकशी पायरी होती, यार्डातला झेंडेवाला जिच्यावर उभा राहून जातो ती. एवढुशा इंजिनावर कुणीतरी तीही विसरली नव्हती.

चष्मेवाल्याने ते इंजिन पाहताक्षणी ओळखलं. दादाने, त्याच्या थोरल्या भावाने, एकतीस वर्षं चालवलं ते असंच. मालधक्क्याच्या यार्डात वॅगन पुढे ढकलायच्या, मागे ओढायच्या, जोडायच्या, सोडायच्या. सकाळी जिथून निघायचं तिथेच संध्याकाळी यायचं. त्यात कधी एक प्रवासी बसला नाही, की कुणी त्याला रुमाल हलवून निरोप दिला नाही.

"वळणाची त्रिज्या?" बाईंनी पुन्हा विचारलं.

आदल्या दिवशी त्याने टेप लावून ती मोजली होती. मोजायची रीत अशी की वळणाच्या वर्तुळाच्या मध्यापासून दोन रुळांच्या मधल्या रेषेपर्यंत मोजायचं. तशी ती बेचाळीस सेंटीमीटर भरली. मेलच्या इंजिनाला चव्वेचाळीस तरी लागतात हे त्याने पुस्तिकेत वाचलेलं होतं. मग त्याने टेप पुन्हा लावली आणि रुळांखाली चिकटवलेल्या खडीच्या पार बाहेरच्या कडेपर्यंत नेली. तिथे पंचेचाळीस भरली. टेप काही खोटं बोलत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

"मधल्या रेषेवर ना?"

"हो, हो."

"मग मोठं जाईल. पण अगदी काठावर आहात. कमी असलं तर पुढची चाकं उतरतील, मग माझ्या नावाने शंख करू नका." बाईंनी डावीकडचं इंजिन उचलून त्याच्यापुढे धरलं. "माझं ऐकाल तर हे घ्या. घरगुती मांडणीला हेच शोभतं. मोठं काय, सगळेच नेतात. हे इतकं हळू चालतं, की बघत राहावं."

"नको. ते यार्डातलं आहे."

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. घशात अडकलेलं काहीतरी थुंकून टाकावं तसा तो म्हणाला होता. बाईंनी ते काळं इंजिन खाली ठेवलं, अलगद, कापडाची सुरकुती सरळ करून.

"यार्डातलं म्हणजे काय वाईट?" त्या म्हणाल्या. "यार्ड नसेल तर तुमची मेल जोडणार कोण?"

त्याने हिरवं घेतलं.

आता हे असं का झालं ते सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी मंडळाच्या पहिल्या बैठकीत ज्याने-त्याने आपलं रेल्वेशी नातं सांगितलं. घड्याळजींच्या आजोबांनी स्टेशनांची मोठी घड्याळं लावली होती. बेकरीवाल्याचा मामा तिकीट तपासनीस होता. चष्मेवाला म्हणाला, "माझा थोरला भाऊ इंजिन ड्रायव्हर होता." हे शंभर टक्के खरं. मग घड्याळजींनी विचारलं, "कोणत्या गाडीवर?" आणि याच्या तोंडून निघालं, "मेलवर."

बस, एवढा एकच शब्द. पण खोटं हे आळशी नसतं, एकदा घरात घेतलं की खातंपितं आणि वाढतं. पुढच्या बैठकीत ती रात्रीची मेल झाली. त्यापुढच्या बैठकीत तिच्या वाटेत नदीवरचा पूल आला, धुकं आलं, आणि दादाने वीस मिनिटं उशीर असलेली गाडी वेळेवर पोचवली. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, तर याने बारा वर्षांची नोकरी रेटली. आणि ज्या यार्डातल्या नोकरीवर याचं चष्म्याचं शिक्षण झालं, ती एकतीस वर्षं त्याने पार पुसून टाकली. दादाची आणि मंडळाची गाठ पडू द्यायची नाही, एवढं सांभाळलं की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली बायकोने, आणि तीही चांगल्या मनाने.

"रविवारी दादांना बोलावलंय मी," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुमची सगळी माणसं येणार, वाफेचं इंजिन चालणार, आणि ज्याने जन्म वाफेवर काढला तोच नको? फोनवर इतके खूश झाले म्हणून सांगू! इस्त्रीचा शर्ट काढून ठेवतो म्हणाले."

चष्मेवाला पुढचं ऐकायला थांबलाच नाही, जिना चढून वर गेला. दादाला आधीच फोन करून सगळं सांगून टाकावं, तर तोंड कसं उघडायचं? येऊ नको म्हणावं, तर कारण काय द्यायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तीन दिवस त्याने बाथरूमच्या आरशापुढे वाक्य घोकलं, "दादा, मी आपली गंमत म्हणून त्यांना जरा..." आणि तीनही दिवस ते वाक्य आरशातच राहिलं.

रविवारी अकराला मंडळ जमलं. घड्याळजी, बेकरीवाला आणि आणखी दोघं. दादा सव्वाअकराला आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गुडघा धरून एकेक पायरी चढणारा, खरोखरच कडक इस्त्रीच्या शर्टात. बोटांच्या कातडीखाली कोळशाचे निळे ठिपके कायमचे रुतलेले. तो दारात उभा राहिला आणि ती सगळी मांडणी, डोंगर, बोगदा, सिग्नल, पाहून लहान मुलासारखा हसला. "छोट्या, हे सगळं तू केलंस?"

बासष्टाव्या वर्षीही तो दादाचा छोट्याच होता.

चष्मेवाल्याने उत्तर द्यायच्या आत घड्याळजी हात पसरून पुढे झाले. "या, या साहेब! पाच वर्षं नुसतं ऐकतोय तुमच्याबद्दल. बारा वर्षं रात्रीची मेल! चेष्टा आहे का?"

दादाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने घड्याळजींकडे पाहिलं, मग टेबलावरच्या हिरव्या इंजिनाकडे, आणि मग धाकट्या भावाकडे. चष्मेवाल्याने फक्त डोळ्यांनी हात जोडले. दादा, एवढं सांभाळून घे. पुन्हा नाही मागणार काही.

"हं," दादा म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

इंजिन सुटलं. सरळ मार्गावर काय डौलात गेलं! मागे चार डबे, खिडक्यांतून पिवळा उजेड. मग बोगद्याआधीचं वळण आलं आणि पुढची चाकं खट्कन रुळाखाली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर टेंडरही आडवं झालं.

"कारखान्याचा दोष," बेकरीवाला म्हणाला.

"फसवलं त्या दुकानातल्या बाईंनी," चष्मेवाला म्हणाला. "मी वळणाचं माप दिलं होतं, तरी खुशाल म्हणाल्या, जाईल म्हणून." हेही त्याच्या तोंडून सहज निघालं. एका खोट्याची सवय झाली, की दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत.

दादा गुडघ्यावर हात ठेवून उठला, वळणापाशी वाकला. इंजिनाला हात लावला नाही. एक डोळा मिटून रुळांच्या रेषेत नुसतं पाहिलं. "इंजिनात काही खोट नाही रे. वळण आवळ आहे. एवढ्या लांब पायाचं धूड इथे वळायचं नाही. इथे तुला यार्डातलं, ते टाक्यांचं..." आणि तो थांबला. आपलं वाक्य कुठे चाललंय हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने ते तिथेच सोडलं.

"अनुभवाचे बोल!" घड्याळजी खुलले. घड्याळजी हा माणूस पुस्तकं वाचून सगळं जाणणारा. कुठल्या इंजिनाची चाकं किती इंचांची, हे त्यांना स्वतःच्या नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक. इतक्या वर्षांत खराखुरा ड्रायव्हर हाती लागला होता. "साहेब, एक सांगा. मेलला असं आवळ वळण पुलाच्या अलीकडे लागायचं ना? तिथे वेग किती ठेवायचात?"

सगळे दादाकडे वळले. चष्मेवाल्याचा जीव कानांत गोळा झाला. त्या मार्गावर दादा जन्मात कधी गेला नव्हता. एक आकडा चुकला, की घड्याळजी तो पकडणार. आणि दादाला खोटं बोलता येत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"आठवत नाही," दादा म्हणाला.

"बरं, इंजिनशेड कुठली तुमची? पूर्वेची की जुनी?"

"आठवत नाही हो."

"कोळसा घालायला फायरमन कोण असायचा सोबत? बारा वर्षांत एखादं तरी नाव..."

"नाही आठवत. वय झालं." आणि दादा हसला. ओठांचे कोपरे सैल सोडून, म्हातारी माणसं हसतात तसं. असं हसताना चष्मेवाल्याने त्याला आजवर पाहिलेलं नव्हतं.

ज्या दादाला तीस वर्षांपूर्वीच्या वॅगनांचे नंबर तोंडपाठ, कुठल्या सांध्यावर चाक कसं वाजतं ते जो झोपेत सांगेल, आपल्या प्रत्येक फायरमनच्या पोरांची नावं ज्याला माहीत, तो दादा. घड्याळजींनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने भुवया उंचावल्या, आणि दोघांनी हळहळून मान हलवली.

आणि चष्मेवाल्याला काय वाटलं? लपवण्यात अर्थ नाही. त्याला हायसं वाटलं. सुटलो, असंच आधी वाटलं. ते वाटलं, आणि मग आपल्याला ते वाटलं हे त्याला समजलं, तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या आणि नजर कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

त्यानंतर सगळेच दादाशी प्रेमाने वागू लागले, आणि ते प्रेम बघवत नव्हतं. बेकरीवाला एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलायला लागला, "काका! हा! बोगदा! आवडला?" कुणीतरी खिडकी लावून घेतली, काकांना वारा लागेल म्हणून. वळण सोडून इंजिन नुसतं सरळ मार्गावर पुढे-मागे न्यायचं, डबे सोडायचे आणि पुन्हा जोडायचे, असं ठरलं. चष्मेवाला वेगाचं बटण फिरवत होता, पण त्याचं लक्ष दादाच्या खुर्चीकडे होतं. दर खेपेला इंजिन डब्यांवर धाडकन आदळत होतं.

तिसऱ्या आदळण्याला दादा उठला. डबा लागताना आवाजसुद्धा होऊ नये, हे तर त्याचं एकतीस वर्षांचं काम. त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला.

बेकरीवाल्याने तो हात हळूच मधेच धरला. "काका, राहू द्या हं. नाजूक असतं. आपण नुसतं बघायचं."

दादाने हात मागे घेतला. "बरं," तो म्हणाला आणि हात खिशात घातला.

एक वाक्य पुरलं असतं. सोडा त्यांचा हात. तीनच शब्द. चष्मेवाल्याच्या जिभेवर ते आले, आणि घड्याळजींचा चेहरा, पाच वर्षांच्या बैठका, धुकं, पूल, सगळं त्यांच्या आड आलं. त्याने बटण फिरवलं. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि तिने हे पाहिलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पहिला कप दादांच्या हातात दिला आणि नवऱ्याचा ट्रेमध्येच ठेवला.

"पाऊणची बस आहे मला," चहा संपताच दादा म्हणाला.

"जेवून जा ना दादा, पानं घ्यायचीच आहेत," बायको म्हणाली. पण तो उठलाच. चष्मेवाला त्याला सोडायला निघाला. मंडळी वरच थांबली.

दोघं बसथांब्यापर्यंत चालत आले. बाकड्यावर बसल्यावर दादाने गुडघा चोळला आणि म्हणाला, "बोगदा झकास केलायस. आतून काळाही केलास. लोक विसरतात ते."

"दादा, मी..."

"असू दे रे."

"असू दे कसं? तुला सगळं आठवतं. तू त्यांच्यापुढे खुळा झालास. माझ्यासाठी."

"मग काय करायला हवं होतं? तुझं घर, तुझी माणसं. मी दोन तासांचा पाहुणा. माझं काय जाणार होतं?" दादाने रस्त्याकडे पाहिलं. बस दिसत नव्हती. "आणि मला काही नवीन नाही ते."

"काय नवीन नाही?"

"तुला माझी लाज वाटते ते."

चष्मेवाला नाही म्हणायला गेला. पण आजच्या दिवसात तेवढं तरी खोटं त्याच्याने बोलवेना.

"तू दुकान टाकलंस ना," दादा म्हणाला, सहज, जुनी गंमत सांगावी तसा. "पहिलाच आठवडा. पाळी संपली आणि मी तसाच आलो, पाटी बघायला. नखशिखान्त काळा. धुवायलाही थांबलो नाही, एवढी घाई मला. आत एक बाई चष्मा लावून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे कोण? तू म्हणालास, कोळसा टाकायला आलेत. आणि मला म्हणालास, मागच्या दाराने या." तो थोडा हसला. "'या' म्हणालास मला. जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलंस."

"मी?"

"मग मी आलो मागच्या दाराने. तू पाणी दिलंस. पाटी बघायची राहिली ती राहिलीच त्या दिवशी. पुढे कधी आलो, तर आधी अंघोळ करून यायचो."

चष्मेवाला आठवायला लागला. पहिला आठवडा, नवीन आरसे, रंगाचा वास, पहिली गिऱ्हाइकं, सगळं आठवलं. ती बाई आठवली, तिच्या चष्म्याची चौकटसुद्धा आठवली. दारात उभा असलेला दादा तेवढा कुठेच सापडेना. त्याने डोळे मिटून पुन्हा शोधलं. जे करताना लाज वाटली असेल ते माणूस जपून तरी ठेवतो. याने तेवढंही केलं नव्हतं.

"दादा, मला हे... मला खरंच..."

"नसेल रे आठवत. चाळीस वर्षं झाली." बस आली. दादाने दांडा धरला, दुखरा पाय आधी वर टाकला आणि वळून म्हणाला, "ते इंजिन बदलून आण. बाईचा दोष नाही त्यात. उगाच भांडू नकोस तिच्याशी."

बस गेली तसा चष्मेवाला मागे फिरला. मग घरी आला आणि जिना चढला. वर हसणं-खिदळणं चाललं होतं, कुणीतरी डिझेलचं इंजिन लावलं होतं. त्याला पाहून घड्याळजींनी आवाज उतरवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गेले का? फार वाईट वाटलं हो. एवढा मेलचा ड्रायव्हर, आणि आता काही म्हणजे काही आठवत नाही. जपा त्यांना."

चष्मेवाल्याने तो हात खांद्यावरून काढला. मग टेबलापाशी जाऊन बटण बंद केलं, तसं इंजिन मधेच थांबलं आणि सगळे त्याच्याकडे पाहू लागले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"त्याला सगळं आठवतं," तो म्हणाला. "आठवत नाही ते मला." तोंड लपवायला जागा नव्हती आणि आता ती त्याला नकोही होती. तो उभ्याउभ्याच सगळं सांगत गेला, मागच्या दारापासून.